जुनी मारुती ८०० घाटात मिसिंग करते, मूळ कुठं शोधावं?

गोडोलीकर
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. गाडी मारुती ८००, १९९२ ची. कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा जुना भाग), पॉइंट-कंडेन्सरवाली (प्लगची ठिणगी जमवणारी जुनी पद्धत). वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, आता माझ्याकडं आहे आणि रोजच्या वापरात आहे. गोडोली ते एमआयडीसी आणि सुट्टीला कासच्या बाजूला गावी.

त्रास असा आहे. समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं आणि तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मिसिंग करते, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटल्यासारखे झटके मारते. मधूनच सायलेन्सरमधून ‘फट्’ असा आवाज. पाय सैल केला की झटके थांबतात. हायवेला सपाटीवर साठच्या स्पीडनं गेलो तर काहीही तक्रार नाही. पाऊस किंवा धुकं असलं की घाटातलं दुखणं वाढतं.

दुसरं म्हणजे पोवई नाक्यावर गर्दीत उभी असली की इंजिन थरथरतं, आयडलिंग एकसारखं लागत नाही. सकाळी थंड असताना हे कमी, गरम झाल्यावर जास्त.

प्लग नवे टाकलेत. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदललेत. कार्बोरेटर उतरवून जेट साफ केले, ट्युनिंग केलं, पॉइंट घासून गॅप लावला. दरवेळी चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आता एक गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर नवा टाका, दुसरा म्हणतो इंजिनचं काम काढा. खर्चाला ना नाही, गाडी विकायची नाही, फेरनोंदणीही करून घेतली आहे. पण नक्की काय बिघडलंय हे कळल्याशिवाय इंजिन उघडायला मन धजत नाही. सुरुवात कुठून करू?

कऱ्हाडचा_वाटसरू
शनिवार, रात्री १०:०५

माझा संशय पेट्रोलवर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच सातारा-सांगलीच्या कारखान्यांतून जातं, त्याचा अभिमान आहेच, पण १९९२ चा कार्बोरेटर त्यासाठी बनवलेला नाही. साध्या पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इ२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. शिवाय जुने रबरी पाइप फुगतात, टाकीच्या तळाचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बघून घ्या.

नवा_चालक
शनिवार, रात्री १०:२०

स्कॅनर लावून बघितलं का? माझ्या गाडीला मोबाइलवर कोड येतात, कुठल्या सिलिंडरला मिसिंग आहे तेही कळतं.

वाईची_लेक
शनिवार, रात्री १०:४५

या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. आपल्याकडं गाड्यांना ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून कोड देणारी यंत्रणा, बंधनकारक झालं ते बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत, २०१० पासून, आणि मिसफायर ओळखणारं ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. १९९२ च्या ८०० मध्ये कॉम्प्युटर नाही. इथं कान, नाक, प्लग पाना आणि थोडा धीर.

गोडोलीकर, मी कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवते, म्हणून एक विचारते. शेवटची पीयूसीची पावती आहे का? त्यावरचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) हे दोन्ही आकडे इथं टाका.

गोडोलीकर
शनिवार, रात्री ११:१०

आहे. मागच्या महिन्यात फेल झाली. सीओ १.१ टक्के. एचसी १९४० पीपीएम.

वाईची_लेक
शनिवार, रात्री ११:३०

ही पावती फार मोलाची आहे. २००० सालाआधीच्या चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५००. तुमचा सीओ मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, फक्त एचसी वर गेलाय.

याचा अर्थ जरा इस्कटून सांगते. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असेल तर ते अर्धवट जळतं आणि सीओ वाढतो. कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडत असता तर सीओ आधी बोलला असता. एचसी म्हणजे अजिबात न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओ ठीक आणि एचसी चढलेला, म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमध्ये मिश्रण जातंय पण पेटत नाही. स्पार्क पडत नसेल, कॉम्प्रेशन (पिस्टननं मिश्रणावर दिलेला दाब) धरत नसेल, किंवा मिश्रण इतकं पातळ असेल की पेटत नसेल. कऱ्हाडच्या दादांचा मुद्दा या तिसऱ्यात बसतो, तो मी खोडत नाही. पण पातळ मिश्रण सहसा सगळ्या सिलिंडरना सारखं छळतं. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवा: मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे की सगळ्यांचं.

मिरजेचं_गॅरेज
रविवार, सकाळी ७:१५

ताईंनी बरोबर धरलंय. गोडोलीकर दादा, कार्बोरेटरला आता हात लावू नका. तीन सिलिंडरची गाडी आहे, त्यातला एक मेला तर ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून ८०० चं मिसिंग चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा लगेच जाणवतं, आणि शोधायलाही सोपं जातं.

असं करा. गाडी फिरवून पूर्ण गरम करा. बंद करून एक नंबरच्या प्लगची वायर काढा. त्या वायरीच्या टोकाला एखादा जुना प्लग लावा आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनला घट्ट टेकवून बांधा. वायर अशीच मोकळी सोडायची नाही. स्पार्कला जायला वाट मिळाली नाही तर तो कॉइल (जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) नाहीतर डिस्ट्रिब्युटरची कॅप (तिथून प्रत्येक प्लगला वायर जाते) फोडून वाट काढतो. मग गाडी चालू करून आयडलिंग किती पडतं ते ऐका. बंद करा, वायर परत लावा, मग दोनची, मग तीनची. जी वायर काढल्यावर इंजिन मान टाकतं, कदाचित बंदच पडतं, तो सिलिंडर चांगला. जी काढली तरी फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. एक नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. फायरिंग ऑर्डर १-३-२, वायरी परत लावताना गोंधळ नको.

ज्यांच्या गाड्या इंजेक्शनच्या आहेत त्यांनी हे करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं आणि तो वितळतो. त्यांना दुसऱ्या तऱ्हा आहेत.

आणि घाटाचं वेगळं बघा. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी कशी वागते? पाय दाबल्यावर आधी ओढते, मग हळूहळू दम तुटल्यासारखी बसत जाते, कारण कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपायला थोडा वेळ लागतो. स्पार्क तुटत असेल तर पाय दाबल्या दाबल्या खणखणीत झटका, पाय काढला की त्या क्षणी बंद. तुम्ही सांगताय ते दुसऱ्यासारखं वाटतं.

गावभाग_सांगली
रविवार, सकाळी ९:००

मध्येच शिरतो, माफ करा. माझी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल. चेक इंजिनचा दिवा मध्ये मध्ये लुकलुकतो, स्कॅनरवर पी०३०२ आलं. २०१९ च्या महापुरात गाडीत पाणी शिरलं होतं. त्याचा काही संबंध?

मिरजेचं_गॅरेज
रविवार, सकाळी ९:२५

दिवा नुसता लागला तर सवडीनं बघा. लुकलुकायला लागला तर लगेच पाय सैल करा, कारण त्याच वेळी कन्व्हर्टर जळत असतो. पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. तुमच्या इंजिनला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करून दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर तसाच प्लग हलवून बघा, मग इंजेक्टर. पुरातल्या गाडीला मी कॉइलचं सॉकेट आधी उघडतो. आतल्या पितळेच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. पाणी उतरल्यावर गाडी सुरू होते, माणूस विसरून जातो, पण आत चढलेला गंज थांबत नाही. वायरिंगमध्ये पुढंही बघत चला.

गावभाग_सांगली
रविवार, सकाळी ९:४०

पिना हिरव्याच आहेत. फोटो काढलाय. आज आणतो मिरजेला.

गोडोलीकर
रविवार, दुपारी १:३०

मिरजेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं केलं. गाडी गरम होती.

एकची वायर काढली, इंजिन धापा टाकत बंद पडलं. तीनची काढली, तेच. दोनची काढली, जवळपास काहीच फरक नाही. थंड इंजिनवरही परत करून बघितलं, तेव्हा दोन काढल्यावर थोडा फरक पडतो. दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल केले, तरी दोनच मेलेला. शेजाऱ्यांकडं ८०० आहे, त्यांची वायर दोनला लावून बघितली, तरी तेच. म्हणजे दोन नंबरला स्पार्क येत नाही असं धरू का?

वाईची_लेक
रविवार, दुपारी २:००

नाही, इतक्यात नको. दोन नंबर आयडलिंगला काम करत नाही, एवढंच सिद्ध झालं. प्लग आणि वायर निर्दोष ठरले. आता घाटात कुठला सिलिंडर तुटतो ते वेगळं तपासा. आयडलिंगचा दोषी आणि घाटातला दोषी एकच असेल असं गृहीत धरू नका. मला ते दोन वेगळे वाटतात, कारण त्यांची लक्षणं उलटी आहेत. एक जोर दिल्यावर येतं, दुसरं जोर नसताना. एक ओलीवर वाढतं, दुसरं गरमीवर.

कऱ्हाडचा_वाटसरू
रविवार, दुपारी २:१५

ताई, घाटात चालत्या गाडीत वायरी कशा काढणार?

वाईची_लेक
रविवार, दुपारी २:४०

काढायच्या नाहीत. प्लग वाचायचे. घाटात जिथं हमखास झटके येतात तिथं, सुरक्षित जागा बघून, झटके चालू असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि कडेला घ्यायचं. आयडलिंगला जराही चालू ठेवायचं नाही, नाहीतर प्लगवरची खूण बदलते. सोबत कुणाला तरी घ्या, मागच्या गाड्यांकडं लक्ष ठेवायला. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला जोर जास्त लागला तर गडबडू नका, आणि किल्ली पूर्ण फिरवून स्टिअरिंग लॉक होऊ देऊ नका. इंजिन थोडं निवलं की तिन्ही प्लग काढून क्रमानं ठेवा. तपकिरी, कोरडा प्लग म्हणजे जळण नीट. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा म्हणजे तिथं पेटलंच नाही. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील.

गोडोलीकर
रविवार, संध्याकाळी ६:५०

सांबरवाडीच्या अलीकडं केलं. भाऊ बरोबर होता. धुकं होतं, त्यामुळं झटके लगेच मिळाले.

एक: तपकिरी, कोरडा. दोन: तपकिरी, कोरडा. तीन: ओला, काळपट, पेट्रोलचा वास.

आयडलिंगला दोन आणि घाटात तीन! तिन्ही प्लग एकाच दिवशी टाकलेले, एकाच कंपनीचे. आता तीनकडं बघायचं कसं?

मिरजेचं_गॅरेज
रविवार, रात्री ८:१०

ताईंचं खरं ठरलं. आता तीन नंबरचं बघू, कारण ते स्वस्तात सापडंल असं वाटतंय.

घाटातच का तुटतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठं बघायचं ते आपोआप कळंल. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलेलं असतं. जेवढा दाब जास्त तेवढा त्या फटीतून उडी मारायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच जातं, दाब कमी. तिथं काही हजार व्होल्टवर काम भागतं. घाटात तुम्ही पाय दाबला, सिलिंडर गच्च भरला, आता त्याच्या दुप्पट-तिप्पट व्होल्टेज लागतं. कॉइल ते देते. पण वाटेत कुठं चिरलेलं प्लास्टिक असेल, ओल असेल, तर स्पार्कला प्लगच्या फटीपेक्षा ती वाट सोपी पडते. पाणी उताराला धावतं तसं ते आहे. आयडलिंगला प्लगची वाट सोपी, घाटात चिरेची वाट सोपी. म्हणून गॅरेजच्या दारात गाडी उभी करून स्पार्क बघितला तर निळा, जाडजूड, छान दिसतो आणि मिस्त्री म्हणतो इग्निशन ओके.

आता अंधार झालाच आहे. बोनेट उघडा, लाइट बंद करा. आधी पेट्रोल कुठं गळत नाही ना ते हुंगून बघा. झाडांवर पाणी मारायची छोटी स्प्रेची बाटली घ्या, तिच्यात चिमूटभर मीठ. इंजिन चालू ठेवून वायरींवर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर, कॉइलच्या तोंडावर हलका फवारा मारा. एकदम भिजवू नका. हात लांब, सैल बाही नको, फॅन-बेल्टपासून जपून. काय दिसतंय ते सांगा.

गोडोलीकर
रविवार, रात्री ९:३५

दिसलं!

वायरींवर काही नाही. कॉइलवर काही नाही. कॅपवर दोनदा फवारा मारला आणि इंजिन अडखळलं. कॅपच्या तीन नंबरच्या नळीपासून खाली क्लिपकडं निळसर जांभळी रेघ सरपटत गेली, केसाएवढी बारीक, क्षणात येऊन जाणारी. बारीक ‘चट चट’ आवाजही येत होता. भावानं ॲक्सिलरेटर ओढला की ती रेघ ठळक व्हायची.

इंजिन बंद करून कॅप काढली. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतून टॉर्च तिरका धरल्यावर तीनच्या पितळी खुंटीपासून कडेपर्यंत एक काळी रेषा दिसली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. बोटानं पुसली, पुसली जात नाही. नखाला लागते.

मिरजेचं_गॅरेज
रविवार, रात्री ९:५०

तो कार्बन ट्रॅक. स्पार्क प्लास्टिकवरून जाता जाता ते जाळतो, जळालेला कोळसा विजेला अजून सोपी वाट देतो. पॉलिश पेपरनं घासू नका. घासून चार दिवस बरं वाटतं, चीर तिथंच राहते. कॅप नवी आणि सोबत रोटरही (कॅपच्या आत फिरून स्पार्क वाटणारा भाग) नवा घ्या, या गाडीचे सहज मिळतात. बसवायच्या आधी कॅपच्या मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर मोकळी खालीवर होते ना ते बघा. पॉइंटचे तोंड बघा, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर झाला असेल तर कंडेन्सरही बदला. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. नवा प्लग डब्यातून काढला म्हणजे गॅप बरोबर असतो असं नाही, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा.

हे झालं की घाट सुटंल. आयडलिंग मात्र सुटायचं नाही, त्याला वेगळी गोष्ट आहे. एक विचारतो, या गाडीला कधी गॅस किट होतं का?

गोडोलीकर
सोमवार, रात्री ८:२०

कॅप, रोटर, कंडेन्सर नवे. आज ऑफिसातून थेट यवतेश्वरला गेलो, पाऊस चालू होता. तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून वर गेलो. एकही झटका नाही. इतका हलका हा घाट या गाडीत कधी वाटला नव्हता.

आयडलिंग अजून तसंच, थरथर आहेच. आणि हो, गॅस किट होतं. आधीच्या मालकानं बसवलेलं, कित्येक वर्षं गाडी एलपीजीवरच चालली. वडिलांनी घेतल्यावर काढून टाकलं. तुम्हाला कसं कळलं?

मिरजेचं_गॅरेज
सोमवार, रात्री ८:४५

दोन्ही दुखणी एका गावातून आल्यासारखी वाटत होती. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत कॅप, वायरी, कॉइल यांच्यावर ताण जास्त पडतो. तिथली कॅप आधी फुटते.

आणि गॅस कोरडा असतो. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत येतं, व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीला थोडा गारवा देतं. गॅसला तसं नाही. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसायला लागतो. खाली तो खोल बसला की वर त्याची दांडी रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्याच्या, जवळ सरकते. म्हणजे टॅपेटचा गॅप, या दोघांमधली फट, कमी कमी होत जातो. वापरानं गॅप वाढतो आणि टॅपेट वाजतात, ही सगळ्यांची समजूत. गॅसच्या गाडीत उलटं होतं. टॅपेट वाजत नाहीत, गाडी शांत असते, मिस्त्री म्हणतो टॅपेट मस्त आहेत. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, थोडा उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन गळतं.

गरम झाल्यावर वाढतं याचं कारणही तेच. व्हॉल्व्हची दांडी तापून लांबते, उरलासुरला गॅप खाऊन टाकते. हायवेला का कळत नाही? इंजिन जोरात फिरताना गळायला वेळच मिळत नाही. आयडलिंगला मिळतो.

माझा अंदाज सांगितला. पण अंदाजावर पाना चालवू नका. आधी कॉम्प्रेशन मोजा.

वाईची_लेक
सोमवार, रात्री ९:१५

मोजण्याची रीत मी लिहिते, कारण घाईत मोजलेला आकडा हमखास फसवतो. इंजिन गरम, बॅटरी भरलेली. तिन्ही प्लग काढलेले. कॉइलची वायर सोडलेली, म्हणजे स्पार्क कुठं उडणार नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. तो दाबला नाही तर इंजिनला हवाच मिळत नाही आणि तिन्ही आकडे कमी येतात. काटा वर जायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा, आकडा लिहा. तिन्ही झाले की जो कमी आहे त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा.

तेलानं आकडा चांगला चढला तर गळती रिंगांमधून, कारण तेल तिथली फट भरतं. चढला नाही तर व्हॉल्व्हमधून. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं, मग रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा. तिन्ही सारखेच कमी आले तर टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते पाहा. सिलिंडरांमधला फरक एक किलोच्या आत हवा.

गोडोलीकर
बुधवार, रात्री ९:००

गेज एका ओळखीच्या गॅरेजमधून आणला. आकडे किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला):

एक १२.२, दोन ८.८, तीन १२.०. दोनमध्ये तेल सोडून ९.०.

वाईची_लेक
बुधवार, रात्री ९:१०

तेलानं जागचा हलला नाही. शेजारचे दोन्ही ठीक. म्हणजे व्हॉल्व्ह. रिंग चांगल्या आहेत, इंजिन काम काढायचा विषय संपला.

मिरजेचं_गॅरेज
बुधवार, रात्री ९:२०

रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी पूर्ण थंड इंजिनवर टॅपेट कव्हर काढा. दोनचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, दोन्ही रॉकर मोकळे असायला हवेत. फिलर गेज लावून काय निघतं ते बघा. गॅप लावताना मॅन्युअलमधला थंड इंजिनचा आकडा घ्या, गरमचा वेगळा असतो. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर गेज परत लावून बघायचं. गेजला किंचित ओढ लागली पाहिजे. कव्हरचं गॅस्केट जुनं असेल तर बदलून टाका, नाहीतर तेल प्लगवर येतं.

गोडोलीकर
शनिवार, दुपारी १२:३०

दोनचा एक्झॉस्ट. गेजची सगळ्यात पातळ पट्टी, ०.०५ ची, तीही आत जाईना. रॉकर हातानं हलतच नव्हता. बाकीचे पाचही थोडे थोडे घट्टच निघाले, एक्झॉस्टचे जास्त. सगळे लावले.

परत मोजलं: एक १२.३, दोन ११.५, तीन १२.२. तिन्ही वायरींची चाचणी केली, दोनची काढली तरी आता इंजिन तसंच मान टाकतं. पीयूसीला नेली, सीओ १.२, एचसी ६१०. पास. नाक्यावर उभी असताना गिअरचा दांडा हातात धरला तर थरथर लागत नाही. बाबांना शेजारी बसवून गावात एक चक्कर मारली.

ताई, मिरजेचे दादा, मनापासून आभार. कार्बोरेटर जुनाच आहे आणि इंजिनही उघडलं नाही. एक शंका, दोनचा आकडा बाकीच्यांपेक्षा अजून थोडा कमी आहे. काळजी करावी का?

कऱ्हाडचा_वाटसरू
शनिवार, दुपारी १:००

अभिनंदन. पेट्रोलचे पाइप तरी बघितलेत का?

गोडोलीकर
शनिवार, दुपारी १:०५

बघितले. टाकीपासून पंपापर्यंतचा मऊ, चिकट झाला होता, बदलला. तुमचं म्हणणंही कामी आलं.

मिरजेचं_गॅरेज
शनिवार, दुपारी २:१०

फरक एक किलोच्या आत आहे, गाडी निर्धास्त वापरा. व्हॉल्व्ह इतके दिवस अर्धवट बसत होता, तेव्हा त्याची कड थोडी जळाली असणार. आता गॅस नाही, सीटची झीज मंदावायला हवी.

आजचे सहाही गॅप वहीत लिहून ठेवा, तारीख आणि किलोमीटरसकट. पाच हजार किलोमीटर झाले की थंड इंजिनवर परत मोजा. आहे तसे असतील तर पुढं दहा हजारांनी बघितलं तरी चालंल. दोनचा एक्झॉस्ट परत घट्ट झालेला दिसला तर नुसता स्क्रू सैल करत राहू नका. हेड उतरवून त्या एका सिलिंडरची सीट आणि व्हॉल्व्ह बदलून घ्या. ते काम हेडचं असतं, खालच्या इंजिनला हात लावायची गरज नाही, कुणी सांगितलं तरी.